स्नायू उत्तम, ओढ कमी

महाराष्ट्रात ज्या कुणी कधी श्वासाची तपासणी करून घेतली आहे, त्याने माझा आवाज ऐकलेला आहे. "ओढा, ओढा, ओढा, अजून ओढा, सोडू नका... शाब्बास!" ती मी. म्हणजे पंचेचाळिशीतली मी. तो आवाज आता माझ्याजवळ राहिलेला नाही. जिना चढून आले की दोन शब्दांच्या मध्ये मला थांबावं लागतं. यंत्रात मात्र तो अजून तसाच ठणठणीत आहे.

मिरजेच्या एका इस्पितळात फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीत मी सगळी नोकरी काढली. तळमजल्यावरची खोली, खिडकीत कडुलिंब, मधोमध एक लाकडी स्टूल आणि फडक्यावर वाळत घातलेले नाकाचे चिमटे. स्पिरिटचा वास माझ्या साड्यांना इतका भिनला होता की लग्नकार्यात बायका माझ्याजवळ बसून एकमेकींना विचारायच्या, "इथं कुणाला इंजेक्शन दिलंय काय?"

तपासणी दिसायला साधी. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात एक नळी धरायची. नळीचं दुसरं टोक बंद. श्वास पूर्ण सोडायचा आणि मग त्या बंद नळीतून जीव खाऊन आत ओढायचा. हवा येत नाही, पण छातीखालचा पडदा खाली खेचला जातो, आत पोकळी होते, आणि त्या पोकळीचा जोर यंत्र मोजतं. उभ्या नळीतलं पाणी एवढ्या जोराने किती उंच चढलं असतं, असा तो हिशेब. गालांनी चोखून कुणी फसवू नये म्हणून नळीला सुईएवढं एक भोक असतं. सनईवाले हमखास गाल वापरायचे. काटा हलायचा नाही, आणि मग ते स्वतःच हसायचे.

आजाऱ्याला मोजणं सोपं होतं. अवघड होतं ते निरोगी माणसाला मोजणं. एकाच वयाची, एकाच बांध्याची दोन धडधाकट माणसं घ्या, एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. कारण हा आकडा नुसत्या स्नायूचा नव्हेच, माणूस किती मनापासून ओढतो त्याचाही आहे. तालमीतला एक दांडगा पैलवान आठवतो. त्याचा आकडा एखाद्या शाळकरी पोरीएवढा आला. कान लाल करून म्हणाला, "बाई बघायला लागल्या की मला ओढताच येत न्हाई." आणि एक कासारीण, काडीसारखी, तिने पहिल्याच झटक्यात काटा असा पळवला की मी यंत्र बिघडलं समजून झाकण उघडून पाहिलं.

म्हणून मी ओरडायची. ओरडल्याशिवाय माणूस शेवटचा जोर लावत नाही. पुढे एका कंपनीने मराठी मुलखातल्या निरोगी प्रौढांचे आकडे गोळा करायचं ठरवलं, म्हणजे 'नॉर्मल' कशाला म्हणायचं ते कळावं. गावोगावी सगळ्यांना सारखंच प्रोत्साहन मिळावं म्हणून माझं ओरडणं ध्वनिमुद्रित केलं. हजारो माणसांनी माझ्या आवाजावर श्वास ओढला आणि त्यातून कोष्टक तयार झालं. त्यानंतर यंत्रं बदलली, कंपनी दोनदा विकली गेली, पण आवाज कुणाला बदलता येईना. आवाज बदलला की कोष्टक खोटं ठरणार.

माझी मुलगी चंदना तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की त्या खोलीत येऊन स्टुलावर बसायची आणि गृहपाठ करायची. घरी मी दूध पिताना रेंगाळले की माझीच नक्कल करायची, "प्या, प्या, अजून प्या, सोडू नका... शाब्बास!" आम्ही दोघीच राहत होतो. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले. त्या घरात हसू होतं, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते.

*

नवं यंत्र आलं तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. डॉ. रेहाना शिकलगार कौतुकाने मला दाखवायला घेऊन गेली. ही माझ्याच हाताखाली नाकाचा चिमटा लावायला शिकली. आता ती त्या विभागाची प्रमुख आहे, पण मला अजून ताईच म्हणते.

"हे बघा ताई," ती म्हणाली आणि एक मऊ पट्टा तिने माझ्या मानेभोवती गुंडाळला. "छातीच्या पडद्याला हलवणारी नस मानेतून जाते. पट्ट्यात चुंबकाची कॉइल आहे. तिने त्या नसेला एक टिचकी मारायची, पडदा आपोआप आक्रसतो. तुम्ही काही करायचं नाही."

टक् असा आवाज झाला आणि माझ्या छातीत एक उचकी येऊन गेली. माझी नव्हती ती. कुणीतरी माझ्या आत हात घालून दिलेली.

"यावरून यंत्राला कळतं की हा स्नायू जास्तीत जास्त किती ओढू शकेल. मग नेहमीसारखं तुम्ही स्वतः ओढायचं. पहिल्यातलं किती टक्के दुसऱ्यात उतरलं, ते भागून काढायचं. झालं. आमचं जुनं भांडण मिटलं. स्नायू वेगळा, मन वेगळं."

माझा निकाल यंत्राच्या पडद्यावर आला. स्नायू फारच क्षीण, वयाच्या मानानेही. प्रयत्न मात्र जवळजवळ शंभर टक्के. रेहाना हसली. "इंजिन गेलं, ड्रायव्हर अजून ऐकत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. पण मग मोठ्या संख्येने लोक मोजले गेले, वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्यांचा स्नायू धडधाकट पण ओढणं कमी, ती माणसं लवकर जात होती. कशानेही. कुणी तापाने, कुणी जिन्यावरून पडून, कुणी गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या म्हणून. का, ते शास्त्रज्ञांना सांगता येईना. त्यांनी जपूनच लिहिलं होतं की हा नुसता संबंध आहे, कारण नव्हे, आणि एकट्यादुकट्याबद्दल यावरून काही ठरवू नये.

इंग्रजीत त्या आकड्याला प्रयत्नाचं गुणोत्तर अशा अर्थाचं कोरडं नाव होतं. हिंदीत, कानडीतही तसंच कोरडं नाव दिलं गेलं. मराठीत भाषांतर करणाऱ्याने बहुधा यंत्रातला माझा आवाज ऐकला असावा. "ओढा, ओढा" यावरून त्याने सरळ लिहून टाकलं, 'ओढ'. अहवालावर दोन ओळी छापून येऊ लागल्या. स्नायू: उत्तम. ओढ: कमी.

पलीकडे बेळगावात ज्या आकड्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तो आमच्याकडे माणसाच्या कपाळावर बसला. कुणी हे विचारलंच नाही की कशाची ओढ. मराठी माणसाला ते विचारावं लागत नाही.

सुरुवातीला थट्टा होती. आमच्या शेजारच्या रत्नाक्का जिन्यातून ओरडून सांगायच्या, "आमच्या सूनबाईची ओढ शंभराला टेकली बघा! म्हटलं डॉक्टरला, नीट बघा, माहेरची धरली असंल!" मग थट्टा उतरली. स्थळ सांगून आलं की आधी ओढ विचारू लागले. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, दाई, भूल देणारे डॉक्टर, ज्यांच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे त्यांची ओढ दरवर्षी तपासायची, असा नियम झाला. वाचताना मलाही तो शहाणपणाचा वाटला होता.

*

चंदना वरच्या धरणावर होती. आमच्याकडे कृष्णेचं पाणी दर दोन-तीन वर्षांनी दारात येतं. धरणाचे वक्र दरवाजे किती उचलायचे, कधी उचलायचे, यावर खालच्या सगळ्या गावांची झोप अवलंबून असते. यंत्रं सल्ला देतात, पण शेवटचं बटण माणसाने दाबायचं असतं. तो माणूस म्हणजे चंदना. वीस पावसाळे तिने ते दरवाजे सांभाळले. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "नको वाटतं असं नाही आई, हवं वाटत नाही." मी ते तिचं बोलण्याचं वळण समजत होते.

एके दुपारी तिचा फोन आला.

"आई, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मला दरवाजांवरून काढलं."

"का? काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. ओढ कमी आली. साहेब बिचारे माझ्याकडे बघेनात. म्हणाले, मॅडम, तुमच्याइतकं काम कुणाला येत नाही, पण उद्या कुणी विचारलं की जिला स्वतःचीच ओढ नाही तिच्या हाती पाणी कसं दिलं, तर मी काय सांगू?"

"मूर्ख आहे तो."

"नाही गं. बरोबर आहे त्यांचं. महिनाभरात परत तपासणी करून घ्या म्हणालेत. आकडा सुधारला तर घेतील परत."

त्याच आठवड्यात ती मिरजेला राहायला आली. येताना एकच बॅग होती. आणि मी, जी आयुष्यभर लोकांना सांगत आले की या आकड्यांवर जीव टांगू नका, ती तिच्यावर नजर ठेवू लागले. ती गच्चीवर गेली की मागोमाग मी वाळवण बघायला जायची. न्हाणीघरात जरा वेळ लागला की दाराशी घुटमळायची.

आतून आवाज यायचा, "आई, आंघोळ करतेय. जीव देत नाहीये."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझी सावली दिसते दाराखालून."

रत्नाक्का रोज काहीतरी करून आणायच्या. कधी धपाटे, कधी आंबिल. वाटी ठेवताना मोठ्याने बोलायच्या, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "खा की गं चंदना! खाल्लं की ओढ येती!" चंदना हसून खायची. ती सगळं करायची. झाडांना पाणी घालायची, माझे पाय चोळून द्यायची, बातम्या ऐकायची. तिच्यात काही मोडलेलं दिसत नव्हतं. तेच मला सहन होईना.

एका सकाळी शेंगा निवडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलंच. "खरं सांग. काय झालंय तुला?"

"काही झालेलं नाही." तिने शेंगांकडून नजर काढली नाही. "झालं असतं तर बरं होतं, सांगता आलं असतं. तुला कसं सांगू... नळ बंद नाही आई. पाणी येतं. फक्त दाब नाही. सकाळी उठायचं असतं म्हणून उठते. काम चोख करते. पण ते तुम्हा लोकांना आतून काहीतरी खेचतं ना, ते मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, फक्त कुणी बोलत नाही."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे?" ती खरोखर गोंधळली. "आठवतंय तेव्हापासून."

म्हणजे स्टुलावर बसून गृहपाठ करणारी, दुधाच्या पेल्यावर माझी नक्कल करणारी, तीसुद्धा. मी त्या सगळ्या वर्षांकडे पुन्हा पाहिलं. हसू होतं, हे मी वर लिहिलं आहे. पण कोण कुणाला हसवत होतं, याचा विचार मी केला नव्हता.

*

त्यानंतर दोन दिवसांनी मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा इतका आनंद झाला की मी उठून चहा टाकला. यंत्रातला आवाज माझा आहे! सगळा महाराष्ट्र परक्या बाईच्या आवाजावर श्वास ओढतो, आणि माझी पोरगी आईच्या. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला तोंडात नळी धरून बसवायचं आणि वर आई ओरडतेय, अजून ओढा, सोडू नका. कुणाचं मन उलटं फिरणार नाही? अभ्यास कर, उठ, आवर, हे सगळं तिने त्याच आवाजात ऐकलं. तिचं मन जगण्याला नाही म्हणत नव्हतं, मला नाही म्हणत होतं!

मला दोषी व्हायचं होतं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नसेल. मी दोषी असेन तर उपाय सोपा होता. मला बाजूला करायचं, बस.

रेहानाने ऐकून घेतलं. "आवाज बंद करून मोजलं तर कोष्टकाशी ताडता येणार नाही ताई."

"कोष्टक कशाला हवंय? ओढ तर तिच्याच स्नायूशी ताडायची. टिचकी मार, मग तिला शांततेत ओढू दे. मी खोलीतसुद्धा थांबत नाही."

"हे मात्र खरं. चला, करू."

चंदनाला मी कारण सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कीव होती, पण कुणाची ते मला तेव्हा कळलं नाही. "चल की," ती म्हणाली. "तुला बरं वाटेल."

तीच खोली. कडुलिंब तोडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. स्टूल गेलं, तिथे खुर्ची आली. रेहानाने चंदनाच्या मानेला पट्टा बांधला. मी बाहेर जाऊन काचेपलीकडे उभी राहिले.

टिचकी बसली. यंत्राच्या पडद्यावरची रेघ उसळून वर गेली. रेहानाने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, असा स्नायू! पोहणाऱ्याचा असावा तसा. माझ्या पोटात तयार झालेला तो पडदा, कुणी नुसतं बोट लावलं तर डोंगर उचलेल असा.

मग रेहानाने आवाज बंद केला आणि मानेने खूण केली. चंदनाने श्वास सोडला. नळी ओठांत धरली. डोळे मिटले. खोली शांत होती. काचेच्या अलीकडे माझे ओठ हलत होते, सवयीने, पण मी आवाज काढला नाही.

रेघ थोडी उचलली. रस्त्यातल्या गतिरोधकाएवढी. आणि खाली बसली.

रेहानाने पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा. दर वेळी तेवढीच. मग तिने माझा जुना आवाज सुरू केला. "ओढा, ओढा, ओढा..." रेघ वर चढली. टिचकीने उठलेल्या डोंगराच्या निम्म्यापर्यंतही नाही, पण चढली. तिच्या जुन्या अहवालात होती तेवढीच. 'शाब्बास'पर्यंत टिकली, आणि आवाज थांबला तशी सुटली.

मी काचेला हात टेकून उभी होते. आकडे वाचण्यात माझा जन्म गेला. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रेहाना बाहेर आली. तिने माझा हात धरला. "ताई, एक सांगायला हवं. पुढच्या वर्षीपासून यंत्रात आवाज नसणार. टिचकी आली, आता ओरडायची गरज काय, असं कंपनीचं म्हणणं आहे. सगळ्यांची तपासणी शांततेतच होईल."

म्हणजे दरवाजे गेले. यंदाही आणि पुढेही. ते दुःख मला तेव्हा किती लहान वाटलं, याचं आज आश्चर्य वाटतं.

*

घरी आल्यावर मी देवाजवळच्या पाटावर बसले, कारण तिथवरच जाववलं. चंदना पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि समोर जमिनीवर बसली.

"तुला वाटलं होतं तुझ्या आवाजामुळे ओढत नाही मी," ती म्हणाली.

"हो."

"आई, जेवढं ओढते ना, ते तुझ्या आवाजासाठीच. लहानपणी त्या स्टुलावर बसून ऐकायचे. तू अनोळखी माणसांसाठी एवढी जीव तोडून ओरडायचीस. आंधळ्या म्हाताऱ्यांसाठी, पैलवानांसाठी. मला वाटायचं, एवढं ओरडतेय बिचारी, तर ओढावं थोडं. तेव्हापासून ओढतेय. तुला बरं वाटावं म्हणून."

मी तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. माझ्या छातीतला पडदा किती दिवस चालेल, ते मला रेहानाच्या यंत्राने आधीच सांगितलं होतं. तिचा पोलादी, आणि ओढायला कुणी नाही. माझ्याकडे नुसती ओढ उरलेली, ओढायला काही नाही.

"मी गेल्यावर?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले नाहीत, रडलीही नाही. विचार करून उत्तर दिलं, दरवाजा किती उचलायचा ते ठरवताना करत असेल तसा. "माहीत नाही. सवय आहे खूप वर्षांची. कदाचित सवयीवर चालेल काही दिवस."

रत्नाक्कांनी जिन्यातून हाक मारली, काय लागला गं निकाल. थोड्या वेळाने त्यांची पावलं वर गेली.

"एक कर," चंदना म्हणाली. "त्यात तू 'ओढा' म्हणतेस. सगळ्यांसाठी आहे ते. मला एकदा अरेतुरेत म्हण की. मला कधी म्हटलंच नाहीस."

आम्ही समोरासमोर बसलो होतो, ती जमिनीवर, मी पाटावर. मी पाठ ताठ केली. तिने श्वास पूर्ण सोडला आणि थांबली, शिकवल्यासारखी.

"ओढ," मी म्हणाले. "ओढ, चंदे. ओढ, अजून..."

तिची छाती भरू लागली. मला वाटलं, आता माझ्या जिवात आहे तेवढं सगळं या एका शब्दात ओतते. पण चौथ्या 'ओढ'ला माझाच दम तुटला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. शाब्बास म्हणायचं राहून गेलं.

मी थांबले तशी तीही थांबली. श्वास सोडून बसली, शांत, निवांत. पुढचा श्वास आपला आपण येतो का, म्हणून मी तिच्या छातीकडे बघत राहिले.

तो आला. पण आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग आला.